मूठ वळेपर्यंत चहा थांबू दे

आजच्यासारखी दमट, गार सकाळ म्हणजे रुमेटॉइड संधिवातात मूठ वळायला तासभर. लगेच कणीक मळायला घेऊ नका. तसराळ्यात सोसवेल असं कोमट पाणी घ्या, मनगटं बुडवून १० मिनिटं बसा. पाण्यातच मूठ सावकाश १० वेळा उघडा-मिटा. सांधा लाल, गरम, टम्म असेल तर मात्र शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ. सांडशीने पातेलं उचललं की सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी जातो. फडकी घेऊन दोन्ही तळव्यांनी उचला.

आणि गुळवेलीचा काढा? नकोच. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आपल्याच सांध्यांवर उलटलीय; तिला आणखी चिथवायचं कशाला! त्यात या संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल तर यकृताला दुहेरी ताप. ती गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. कॅलेंडरवर वाराला गोल करून ठेवा.