पूर्वपक्षाचा तास आणि एक खोडलेला परिच्छेद

तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही वर्गात आयुष्याच्या अर्थावर बोलत बसत असू. आमचा बराचसा वेळ जातो तो समोरच्याचं म्हणणं त्यालाच पटेल असं मांडता येतंय का हे तपासण्यात, आणि हे काम भल्याभल्यांना जमत नाही. एम.ए.च्या सेमिनारमधे मी त्यासाठी पूर्वपक्षाचा, म्हणजे खंडनाआधी विरोधकाची बाजू मांडण्याचा, तास ठेवते. ज्या प्रश्नावर तुमचं ठाम मत आहे त्याच प्रश्नावर तुम्ही विरुद्ध बाजू मांडायची, ‘मला वाटतं’ असं म्हणत मांडायची, आणि वर्गात ती बाजू खरोखर मानणारा जो कोणी असेल त्याने ऐकून सही द्यायची की हो, हे माझंच म्हणणं आहे, मलाही याहून चांगलं सांगता आलं नसतं. सही मिळाल्याशिवाय खंडनाला उभं राहायचं नाही. निम्मे मार्क सहीला, निम्मे खंडनाला. शेवटी टिपणं जमा करायची.

ही सहीची कल्पना जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाची आहे. 1859 च्या त्याच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात तो म्हणतो की विरोधकांचं म्हणणं आपल्याच शिक्षकांकडून ऐकून भागत नाही, ते खरोखर मानणाऱ्या माणसांकडून ऐकावं लागतं. मी फक्त त्याला एक कागद जोडला. आणि तो कागद काय करतो हे बघण्यासारखं असतं, कारण पहिल्या खेपेला जवळजवळ कुणालाच सही मिळत नाही. ‘काही लोकांना असं वाटतं की’ अशी सुरुवात झाली की मी तिथेच थांबवते, कारण ते काही लोक शेजारच्या बाकावर बसलेले असतात. मग मुलं चिडतात, म्हणतात मांडलं की आम्ही, आणि समोरचा मान हलवत म्हणतो नाही, माझं कारण हे नव्हतंच. हळूहळू लक्षात येतं की आपण इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत होतो तो माणूस आपणच तयार केलेला होता. ‘मला वाटतं’ म्हणायची सक्ती त्यासाठीच आहे, वाक्य स्वतःच्या तोंडून स्वतःच्या नावावर निघालं की त्यातलं फुसकं गृहीतक आधी बोलणाऱ्यालाच टोचतं.

ही आपल्याकडची जुनीच शिस्त आहे हेही मी पहिल्या तासाला सांगते. परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं म्हणणं आज आपल्यापर्यंत पोचलंय ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांमुळे. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह हा ग्रंथ चार्वाकापासून सुरू होतो, लिहिणारा अद्वैती, आणि तरी अनुमानावर भरवसा का ठेवू नये हा युक्तिवाद काय चोख मांडलाय! धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे दोन्हींचं कधीच न चुकणारं नातं, कळणार कशी, डोळ्यांनी म्हणाल तर डोळे समोरच्या, आत्ताच्या गोष्टीपुरते, आणि अनुमानाने म्हणाल तर त्या अनुमानालाही आधी व्याप्ती हवीच. हे वाचून चार्वाकाने सही दिली असती असं मला मनापासून वाटतं.

तर त्या दिवशी विषय होता फाशीची शिक्षा. उभी राहणार होती ती या बॅचमधली सगळ्यात तयारीची मुलगी, फाशीच्या पक्की विरोधात, नुसतं मत नाही तर त्या विषयावर काम करणाऱ्या लोकांबरोबर सुट्टीत जाऊन काम करणारी. सही देणारा मुलगा फाशीचा समर्थक, कमी बोलणारा पण विचार केलेला. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मी सगळं मांडते पण ‘मला वाटतं’ म्हणणार नाही.”

मी कारण विचारलं तर तिने मागच्या बाकाकडे बघितलं. तिथे एक मुलगा फोन ठेवून रेकॉर्डिंग करतो, माझ्या परवानगीनेच करतो, तो नोकरी करून शिकतोय आणि निम्मे तास त्याला मिळत नाहीत, त्याच्यासारख्याच आणखी काही जणांना तो ते पाठवतो. ती म्हणाली, “त्याच्यावर माझा अविश्वास नाही, पण फाइल एकदा गेली की त्याच्याही हातात राहत नाही. मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यांच्याकडे माझ्याच आवाजातलं ‘मला वाटतं फाशी द्यायला हवी’ एवढंच गेलं तर मी कोणाकोणाला सेमिनारचे नियम समजावत फिरू?”

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या एका सहकाऱ्यांनी अ‍ॅरिस्टॉटल शिकवताना काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात हा त्याचा युक्तिवाद पूर्ण ताकदीने मांडला होता, जसा मांडायला हवा तसाच, आणि पुढच्या तासाला त्याची एकेक कडी कशी निखळते ते दाखवलं. क्लिप फिरली ती पहिल्या तासाची, मिनिटभराची. दुसऱ्या तासाबद्दल कुणी विचारलंही नाही. त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला गेला. जो माणूस वर्षानुवर्षं ते खंडन शिकवतोय त्याला मी गुलामगिरीचा समर्थक नाही असं लिहून द्यावं लागलं, आणि ज्यांनी घेतलं ते स्वतः प्राध्यापक आहेत, त्यांना पूर्वपक्ष म्हणजे काय हे माहीत नव्हतं असं नाही. मला लोकांपेक्षा त्यांचा जास्त राग येतो.

मी म्हटलं फोन सगळ्यांनीच बाहेर ठेवू. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “चालेल मॅडम, पण मग आज जे कामावर आहेत त्यांचा हा तास गेलाच.” तेही खरं. मग मी लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा 1927 सालचा चर्चेचा नियम सांगितला, ऐकलेलं वापरा पण कोण बोललं ते सांगू नका. तिने विचारलं, नियम मोडला तर काय होतं? म्हटलं, पुन्हा बोलावत नाहीत. “आम्हाला तर रोज यायचंय,” ती म्हणाली. वर्गात कुणी हसलं नाही.

शेवटी ती बोलली, पण दर वाक्याआधी ‘मिल म्हणतो’ लावून. फाशीच्या विषयावर मिल आणणं हीच मुळात तिची हुशारी, कारण मिलने 1868 मधे ब्रिटिश संसदेत खुनासाठी फाशी राहू द्या म्हणून भाषण केलं होतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्याचं कारणही दयेचं आहे, माणसाला जन्मभर सक्तमजुरीत जिवंत गाडून ठेवण्यापेक्षा मृत्यू कमी क्रूर, पण बघणाऱ्याच्या मनावर त्याचा धाक मोठा. सगळं बरोबर, क्रम बरोबर, आक्षेप आणि उत्तरं जागच्या जागी. आणि तरी ऐकताना कळत होतं की ती त्या युक्तिवादाच्या आत शिरलेलीच नाही, बाहेर उभी राहून दाखवतेय.

मुलाने सही दिली नाही. म्हणाला, “मिलला गुन्हेगाराची कीव येते म्हणून फाशी हवी आहे. माझं तसं नाही. मला वाटतं त्याला माणूस म्हणून वागवायचं असेल तर त्याने जे केलं ते पूर्ण त्याचं आहे हे मान्य करायला हवं.” ती काही बोलली नाही. तास संपला.

संध्याकाळी तिची टिपणं उघडली. मिल दीड पानात संपला होता आणि त्याखाली एक परिच्छेद होता, एकच आडवी रेघ मारून खोडलेला, वाचता येईल असा. त्यात ‘मला वाटतं’ होतं. मला धाकासाठी फाशी नको आहे, असं सुरू होत होतं, कारण धाकासाठी दिली तर आपण त्या माणसाला इतरांना घाबरवायचं साधन करतो. सुधारण्यासाठी कोंडलं तर आपण त्याला आजारी ठरवतो. मी त्याला कर्ता मानते, आणि कर्त्याला त्याचं कृत्य परत देणं हा त्याचा मान आहे, ते कृत्य कितीही भयंकर असो. पुढे कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं 1797 मधलं बेटाचं उदाहरण, बेटावरचा सगळा समाज विसर्जित होऊन लोक जगभर पांगणार असले तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याची शिक्षा आधी पुरी व्हायला हवी, आणि ते उदाहरण अमानुष का वाटतं आणि तरी आतून सुसंगत का आहे यावर तिची स्वतःची चार वाक्यं. तो मुलगा जे म्हणाला ते सगळं तिला आधीच समजलं होतं, त्याच्याहून नीट समजलं होतं. या वर्षात माझ्या हातात आलेलं सर्वोत्तम लिखाण आहे ते, आणि ते ती बोलू शकली नाही.

विभागाच्या मीटिंगमधे मी हे काढलं. एक जण म्हणाले विषय बदला, टेबल खरंच आहे का, इच्छास्वातंत्र्य आहे का असलं घ्या, त्याची कोण क्लिप काढतंय. एकीने सुचवलं सगळ्यांकडून हमीपत्र भरून घ्या. हमीपत्रांवर आमच्याकडे लोकांची फार श्रद्धा आहे. आणि टेबलाबद्दल म्हणाल तर ज्यात कुणाचं काही पणाला लागलेलं नाही अशा विषयावर विरुद्ध बाजू मांडायला धैर्य लागत नाही, मग शिकायचं काय?

एक जण बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं उदाहरण देऊन म्हणाले हे पूर्वीपासून चालत आलंय, 1940 मधे न्यूयॉर्कच्या कॉलेजातली त्याची नेमणूक कोर्टाने रद्द केली ती त्याच्या पुस्तकातल्या लग्न आणि लैंगिकतेवरच्या मतांमुळे, आणि तो तिथे शिकवणार होता तर्कशास्त्र. बरोबर आहे, पण रसेल निदान स्वतःच्या मतांसाठी गेला. या मुलीला ज्याचा धोका वाटतो ते तिचं मतच नाही.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. वाद करायचा तो शिष्य, गुरु, सहाध्यायी अशा असूया नसलेल्या लोकांशी, खरं काय ते ठरवायला. जल्प जिंकण्यासाठी, त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं, आणि वितंडेत तर स्वतःची बाजूच नसते, फक्त समोरच्याची मोडायची. सूत्रकार जल्प-वितंडेला टाकाऊ म्हणत नाहीत, कोवळ्या अंकुराभोवती काट्यांचं कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग आहे म्हणतात. टीव्हीवर आणि फोनवर आपण रोज बघतो ते कुंपणच, आत अंकुर आहे का हे कुणी बघत नाही. आणि माझा वर्ग, जिथे शिष्य, गुरु, सहाध्यायी सोडून कुणी नव्हतं, तिथे एक फोन बाकावर आला की न दिसणारी सभा येऊन बसते आणि वादाचा जल्प होतो. तो फोन ठेवणारा मुलगा यात कुठेही चुकलेला नाही, हेच मला सुटत नाही.

मार्कांचं काय करायचं म्हणून मी तिला बोलावलं. नियमाने सही नाही म्हणजे निम्मे गेले, आणि सही नाही म्हणून खंडनही नाही. मी विचारलं, खोडलेला परिच्छेद सही देणाऱ्या मुलाला दाखवू? ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली दाखवा, पण तुमच्यासमोर वाचू दे आणि फोटो नको.

त्याने माझ्या टेबलाशी बसून दोनदा वाचलं. म्हणाला, “हे माझं आहे. सही करतो. पण मग तिचं खंडन मला ऐकायचंय, आणि ते कागदावर नको.” सही केली.

खंडनाचा तास पुढच्या आठवड्यात आहे. तिला विचारलं तर रेकॉर्ड झालं तरी तिची हरकत नाही, कारण ते तिचंच मत आहे, कुणी कुठेही पाठवा. म्हणजे जे कामावर असतील त्यांच्याकडे फक्त खंडन पोचेल, आणि ज्याचं खंडन केलं तो परिच्छेद माझ्या कपाटात राहील. त्यांना मी तो वाचायला कसा देऊ, कपाटापर्यंत यायला सांगू का, आणि रात्रपाळी करून कोण येईल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.