तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिस्टिमनं कंपनीला नक्की काय मिळतं?

दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला एमबीएची पोरं कंपनीत येतात आणि विचारतात, मॅडम, इन्फर्मेशन सिस्टिम व्हॅल्यू कशी क्रिएट करते, दोन ओळीत सांगा ना. लग्नात दिरांचे मित्र विचारतात, वहिनी, तुम्ही म्हणजे एन्ट्र्याच करता ना? नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले वर्कशॉपवाले जास्त सरळ बोलतात, एवढे लाख घातले, सुटलं काय? प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, जीआरएन म्हणजे आलेल्या मालाची त्यातली नोंद, याहून जास्त सांगत बसणार नाही, विचारणाऱ्यांना ते ठाऊक असतं आणि तरीही ते विचारतात, खरी गंमत तीच आहे.

तर आधी वर्कशॉपवाल्यांचं. सॉफ्टवेअरनं एक रुपया सुटत नाही. हे मी, जिचा पगार त्याच्यावर चालतो, ती सांगतेय. पैसा सुटतो तो एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला वेळेत कळली आणि त्यानं त्यावर काहीतरी केलं तर. आमचा माल प्लेटिंगला बाहेर जातो. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे तो वर्षाच्या आत परत यायला पाहिजे, नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात, टॅक्स भरा आणि वर व्याज. आधी हे कधी कळायचं, तर दसऱ्याच्या साफसफाईत जुन्या चलनांचा गठ्ठा सापडला की. आता सोमवारी यादी निघते, परचेसचा मुलगा प्लेटिंगवाल्याला फोन लावतो, माल येतो. तसंच टूबीचं, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची जीएसटीच्या पोर्टलवर आपल्याला मिळणारी यादी, १ जानेवारी २०२२ पासून सप्लायरनं त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही तर आपल्याला त्या बिलावरच्या टॅक्सचं क्रेडिट नाही, मग सिस्टिम जुळवून दाखवते की कोणाचं बिल आलेलं नाही आणि अकाउंट्सवाले त्याचं पेमेंट अडकवतात. हे पैसे खरे आहेत, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात.

पण आमच्या गल्लीतच दुसरी कंपनी आहे, तेच सॉफ्टवेअर, तोच व्हेंडर, तीच सोमवारची यादी. तिथं यादी प्रिंट होते, फाइलला लागते आणि फोन कोणी करत नाही. त्यांना काय मिळालं? प्रिंटरच्या टोनरचा खर्च. १९८७ साली रॉबर्ट सोलो नावाचे अर्थशास्त्रज्ञ म्हणाले होते की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. पोरांना हे वाक्य फार आवडतं, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर टाकतात. मला वाटतं त्यांनी ते पान घेऊन एकदा त्या गल्लीत जाऊन यावं.

आता पिंपळगावचे मामा. त्यांची द्राक्षं एक्सपोर्टला जातात, आणि तेच मला म्हणतात तुझं काम फुकटचं. मामा, तुमच्या प्लॉटची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, पॅकहाऊस, सर्टिफिकेट, हे सगळं २००६ पासून अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन सिस्टिमवर चढतं म्हणून तुमची पेटी युरोपात उतरते. ते लगेच २०१० काढतात. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, म्हणजे ज्याला शेतकरी लिहोसिन म्हणतात ते वेलीची वाढ रोखणारं औषध, आणि कंटेनर अडकले. लॅबचे रिपोर्ट तर स्वच्छ होते, कारण जे तपासायचं त्या यादीत ते औषधच नव्हतं. मामा म्हणतात बघ, तुझी सिस्टिम आंधळी. मी म्हणते आंधळी नाही, तुम्ही जेवढं दाखवाल तेवढंच ती बघते. यावर आमचं दर दिवाळीला भांडण होतं आणि मामी फराळाचं ताट मध्ये सरकवते.

हे मी मामांना ऐटीत सांगायचे. मग नानांचं प्रकरण झालं.

नाना आमचे स्टोअरकीपर. कंपनी शेडमध्ये होती तेव्हापासूनचे. रिटायरमेंटचं वय उलटून गेलेलं, दर वर्षी एक्स्टेन्शन. आम्ही ईएन-८ स्टीलच्या बारपासून पिना बनवतो, टर्निंग, मग इंडक्शन हार्डनिंग, ग्राइंडिंग. प्रत्येक बारला मिलचा हीट नंबर असतो, म्हणजे स्टीलच्या कुठल्या घाण्यातून तो निघाला त्याचा नंबर, आणि तो गाडीतून माल उतरला की जीआरएनमध्ये भरायचा. एके दिवशी संध्याकाळी चाकणहून कस्टमरच्या क्वालिटीचा फोन, पिनांना क्रॅक सापडलेत, त्यांच्या असेंब्ली लाइनवर. पुढचा प्रश्न लगेच, कुठला हीट, त्यातला किती माल आमच्याकडे आहे, किती रस्त्यात आहे, सकाळपर्यंत सांगा. सांगता आलं तर तेवढाच लॉट बाजूला काढतात. नाही आलं तर आपला सगळा माल होल्डवर, त्यांच्या आवारात आपली माणसं बसवून एकेक पीस सॉर्ट करायचा, खर्च आपला, लाइन थांबली तर त्याच्या नुकसानीची डेबिट नोट, म्हणजे आपल्या बिलातून कापणं, वेगळं, आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी हे सगळं आठवणीत.

मी सिस्टिम उघडली. ज्या लॉटमधल्या पिना होत्या त्याच्या मागे मागे गेले, डिस्पॅच, जॉब कार्ड, इश्यू स्लिप, जीआरएन. हीट नंबरच्या रकान्यात एनए, म्हणजे लागू नाही. आधीचा बघितला, एनए. त्याच्या आधीचा, एनए. स्क्रीन खाली खाली सरकवत गेले आणि महिनोन्महिने एनएच. क्वालिटीचे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते, एक शब्द बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

मग पॅकिंगचा एक पोरगा म्हणाला, मॅडम, नानांच्या वहीत असेल की. कुठली वही?

रात्री सिडकोत त्यांच्या घरी गेलो. जेवण होऊन ते आडवे झाले होते. वही पिशवीतून निघाली, दोनशे पानी, पुठ्ठ्याचं कव्हर, आत हीट नंबर, गाडी नंबर, कुठल्या रॅकला लावला, कुठल्या जॉब कार्डला किती बार दिले, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत गेले आणि म्हणाले हा असणार, हा माल उतरवतानाच मला बारवर रेघ दिसली होती, मी बोललो होतो. कोणाशी बोलले होते ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नंतर लॅबमध्ये तेच निघालं, मिलकडूनच बारमध्ये सीम, म्हणजे लांबट चीर, होती, हार्डनिंगमध्ये ती उघडली. त्या हीटचा माल दोनच डिस्पॅचमध्ये गेला होता. सकाळच्या आत कस्टमरला आकडा गेला, बाकीचा माल होल्डवर गेला नाही.

आता सगळ्यांना वाटेल की मी म्हणेन, बघा, वही जिंकली. मालक तसंच म्हणाले, मग तुमच्या सॉफ्टवेअरचा उपयोग काय? मी तेव्हाही भांडले आणि आजही भांडेन. वही त्या रात्री सापडली कारण नाना गावाला गेले नव्हते, त्यांना ताप नव्हता, त्यांनी फोन उचलला. यावर कंपनी चालवायची?

आणि नानांनी एनए का टाकलं? मी तेव्हा म्हणायचे, आळस, सिस्टिम नकोच होती त्यांना. आता म्हणते, इतकं सोपं नाही. व्हेंडरनं तो रकाना सक्तीचा करून दिला होता, तो भरल्याशिवाय जीआरएन होत नाही, जीआरएनशिवाय गाडी सुटत नाही. आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट यायचं दोन दिवसांनी मेलवर, टॅग निम्मे पुसलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. माणूस एनएच टाकणार. पण सर्टिफिकेट आल्यावर वहीत लिहायला वेळ होता ना, मग स्क्रीनवर का नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कधी वाटतं त्यांना नीट शिकवलंच नव्हतं. कधी वाटतं त्यांना पक्कं माहीत होतं की वही आहे तोवर आपण आहोत.

पुढे मालकांनी सांगितलं, वही सिस्टिममध्ये घाला. एक नवीन मुलगा आणि मी बसलो, नाना वाचून दाखवायचे. सर्टिफिकेट येईपर्यंत माल होल्डमध्ये ठेवायची सोय व्हेंडरकडून करून घेतली, बारवर बारकोड लावले. चांगलं झालं, खरंच चांगलं झालं, आता हीट विचारला तर चहा संपायच्या आत उत्तर देते. नाना वाचताना मध्येच सांगायचे, या मिलचा माल पावसाळ्यात घेऊ नका, गंजून येतो. त्यासाठी मास्टरमध्ये रकाना नव्हता, मी शेऱ्यात टाकलं. शेरे कोण वाचतो.

त्यानंतर एक्स्टेन्शनची वेळ आली आणि एचआरनं मला बोलावून विचारलं, नानांशिवाय स्टोअर चालेल का? चालेल, मी म्हणाले. आता चालणारच होतं, दुसरं काय सांगायचं होतं मी? नवरा म्हणतो मालकांचं आधीच ठरलं होतं, तुला फक्त विचारल्यासारखं केलं. असेल. पण विचारलं मला.

व्हेंडरनं आमच्यावर प्रेझेंटेशन बनवलं, दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला. फायद्यांच्या स्लाइडवर स्टॉक कमी झाला, ट्रेसेबिलिटी मिळाली (कुठला माल कुठून आला, कुठं गेला ते सापडतं), आणि तिसरी ओळ, स्टोअरमध्ये एक माणूस कमी. ही ओळ काढा म्हणून मी हट्ट धरला. त्यांनी काढली. आता ती स्लाइड आधीपेक्षा खरी आहे की खोटी, ते मला विचारू नका.

सध्या सीएनसी मशीनचं सेटिंग करणाऱ्या सेटर लोकांच्या डायऱ्यांचं चाललंय. कुठला इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, किती पीसनंतर बदलायचा, कुठल्या मशीनला सकाळी मापाचा किती ऑफसेट, म्हणजे फरक, द्यायचा, हे त्यांच्या खिशातल्या डायरीत असतं आणि मालकांना ते स्क्रीनवर हवंय. परवा एका सेटरनं डायरी हातात धरूनच विचारलं, मॅडम, दिली तर मला ठेवतील ना? एमबीएच्या पोरांचा प्रश्न परवडला. मी मालकांकडे लेखी मागितलंय, की जो डायरी देईल त्याचा ग्रेड वाढवा आणि ते त्याच्या अपॉइंटमेंट लेटरला जोडा. अजून उत्तर नाही, आणि तोवर सेटिंगचं मॉड्यूल मी सुरू केलेलं नाही.