उणे आठचं काय झालं?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा निरोप आला. स्नेहसंमेलन, सहली, खेळाचं मैदान यांबद्दल बाकीचे भरभरून लिहितीलच. मला लिहायचं आहे दहावीच्या बीजगणितातल्या वर्गसमीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांबद्दल, आणि ती शिकवणाऱ्या आमच्या बाईंबद्दल.

अवयव पाडायला आम्ही आधीच शिकलो होतो. मधलं पद फोडायचं, दोन-दोन पदांतून सामाईक काढायचं, कंस मांडायचे; यात हात बसला होता. तेच उदाहरण शब्दांत आलं की वर्ग गप्प व्हायचा. बाई म्हणायच्या, "आकडेमोड नंतर. आधी दोनदा वाच, आणि काय काढायचंय ते तुझ्या शब्दांत सांग." 'रुंदी क्ष मानू' एवढं लिहिलेलं त्यांना चालत नसे. 'रुंदी क्ष मीटर मानू' असंच हवं. क्ष ही संख्या आहे आणि रुंदी ही वस्तूची आहे, हा फरक त्या पहिल्याच ओळीत पक्का करून घेत.

मी फळ्यावर केलेलं पहिलं उदाहरण आयताचं. लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ४० चौरस मीटर, तर बाजू काढा. मी लिहिलं क्ष(क्ष + ३) = ४०. इथपर्यंत बरोबर. पुढे लिहिलं, क्ष = ४० किंवा क्ष + ३ = ४०. दोन कंसांचा गुणाकार दिसला की दोन ओळी लिहायच्या, एवढंच मला ठाऊक होतं.

बाईंनी पुसलं नाही. विचारलं, "दोन संख्यांचा गुणाकार ४० आहे. मग त्यातली एक ४० असलीच पाहिजे का?" वर्गातून उत्तरं येऊ लागली: ५ आणि ८, २ आणि २०, कुणी म्हणालं अर्धा आणि ८०. "बरं. आणि गुणाकार शून्य असेल तर?" जरा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "तर एक तरी शून्यच पाहिजे."

तोवर 'बरोबर शून्य' ही मला मांडणीची शिस्त वाटत होती, समास सोडण्यासारखी. सगळी पदं एका बाजूला आणून शून्याशी बांधायची ती का, ते त्या क्षणी कळलं. ४० फोडायच्या वाटा असंख्य, पण शून्य हा गुणाकार यायला एक अवयव शून्य व्हावाच लागतो. अवयव पद्धतीचा सारा भार या एका गोष्टीवर आहे. ज्यांना ती न सांगता नुसत्या पायऱ्या पाठ करायला लावतात, त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

वेग-वेळ-अंतराच्या उदाहरणांत वर्ग कुठून येतो हेही त्यांनी असंच दाखवलं. २४० किलोमीटर अंतर, वेग ताशी २० किलोमीटरने वाढवला तर १ तास कमी लागतो. उदाहरणात कुठेही क्षेत्रफळ नाही, वर्ग नाही. पण वेळ लिहिताना क्ष एका छेदात जातो, क्ष + २० दुसऱ्या छेदात, आणि छेद काढताना दोघांचा गुणाकार होतो. क्ष² + २०क्ष − ४८०० = ०. वेग ६०, वेळ ४ तास. वाढवल्यावर ८०, वेळ ३ तास. ताळा उदाहरणातल्या वाक्यांवर घ्यायचा, समीकरणावर नाही, असा बाईंचा आग्रह असे. कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर तो ताळा चुकीलाच दुजोरा देतो.

मग एके दिवशी त्यांनी भास्कराचार्यांची माकडं आणली. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. त्यांच्या बीजगणितातलं हे उदाहरण. टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जितकी होतील तितकी माकडं वनात खेळताहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत, एकूण किती? भास्कराचार्यांची रीत वर्ग पूर्ण करण्याची होती. बाईंनी आमच्याकडून अवयवांनी करून घेतलं: क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०.

७६८ फोडता फोडता मी २४ आणि ३२ पाशी पोचले. बेरीज ५६, हवी होती ६४. "गुणाकार तोच ठेवून बेरीज वाढवायचीय. काय करशील?" अवयव एकमेकांपासून लांब न्यायचे. १२ आणि ६४ घेतले, बेरीज ७६. फार लांब गेले. मधे १६ आणि ४८, बेरीज बरोबर ६४. अंदाजाने चाचपडणं तिथे संपलं. त्यानंतर मधलं पद फोडताना मला कधी भीती वाटली नाही. (अर्थात प्रत्येक समीकरण असं फुटत नाही. आयताचं क्षेत्रफळ ४० ऐवजी ४१ करा, पूर्णांकात जोडी मिळतच नाही. तिथे सूत्र लागतं.)

उत्तर १६ की ४८? दोन्ही. १६चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. ४८चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२.

लगेच दुसरी टोळी. पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तितकी गुहेत गेली. १ फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पाच घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले, उणे २. त्याचा वर्ग ४ आणि वरचं १ मिळून ५ होतातही. पण उणे दोन माकडं कुठली? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर याच कारणासाठी सोडलं.

त्या आठवड्यात वही तपासून आली. आयताच्या उदाहरणात मी (क्ष + ८)(क्ष − ५) = ० पर्यंत येऊन −८ वर काट मारली होती आणि ५ ला चौकट केली होती. शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, 'उणे आठचं काय झालं?' मी खाली लिहिलं, 'रुंदी ऋण नसते.' वही घेऊन गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "कारण बरोबर आहे गं. आता ते −८ घालून बघ." रुंदी −८, तर लांबी −५. फरक ३. गुणाकार ४०. तेच दोन आकडे, जागा बदललेले.

"समीकरण खोटं बोललं नाही," बाई म्हणाल्या. "तू त्याला संख्या विचारल्यास. मीटर विचारलेच नाहीस."

आणि माझ्याच वहीत, त्याच पानावर, त्यांनी नवं उदाहरण लिहून दिलं: दोन पूर्णांकांत ३ चा फरक आहे आणि त्यांचा गुणाकार ४० आहे, तर ते पूर्णांक कोणते? समीकरण तेच आलं. या वेळी मी काहीच खोडलं नाही.