कार्ड मशीनचा खरा हिशेब

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात १०,००० रुपयांची साडी क्रेडिट कार्डावर विकली आणि बँकेचा दर २ टक्के असेल, तर २०० रुपये कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६. म्हणजे खात्यात ९,७६४. नफा १० टक्के धरला तर त्यातला जवळपास चौथा हिस्सा इथेच गेला! वर मशीनचं भाडं. ते महिना ५०० असेल आणि कार्डाची विक्री २५,००० च असेल, तर आणखी २ टक्के. करार करताना दुकानदार फक्त कमिशनचा दर विचारतात, भाडं विचारतच नाहीत.

डेबिट कार्डावरच्या कमिशनला मात्र रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: दुकानाची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. रुपे डेबिटला १ जानेवारी २०२० पासून शून्य. स्टेटमेंटमध्ये डेबिट आणि क्रेडिटच्या ओळी वेगळ्या काढून ताडून बघाच. आणि डेबिट कार्डावर 'दोन टक्के जादा' हे गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही.

आता कार्ड वापरणाऱ्यांसाठी, सुरक्षेचं थोडक्यात. चिप असलेलं कार्ड घासू नका, मशीनमध्ये खोचा. कार्डामागच्या काळ्या पट्टीवरची माहिती सहज नकलता येते. ५,००० रुपयांपर्यंत नुसतं टेकवून, पिनशिवाय पैसे जातात, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये ही मर्यादा कमी करा किंवा सोय बंदच ठेवा. पैसे परस्पर गेले तर आधी कार्ड ब्लॉक, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवा.