सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग काढला कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सीटीच्या खोलीत काम करणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रश्न नवा नाही. लकवा मारलेल्या माणसाला धावतपळत आणलेलं असतं. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, आणि मेंदूचा सीटी म्हणे नॉर्मल! मग कुणीतरी हळूच विचारतं, "मशीन बरोबर चालतंय ना?"

मशीन बरोबर असतं. सीटी फोटो काढत नाही, मोजमाप करतो. एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते, आरपार किती किरण आले ते समोरचे डिटेक्टर मोजतात आणि संगणक प्रत्येक बारीक चौकोनाला एक आकडा देतो. पाणी 0, हवा उणे 1000, मेंदू साधारण 30 ते 40, ताजं साकळलेलं रक्त 60 ते 80. ही मोजपट्टी सीटीचं यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफिल्ड यांच्या नावानं चालते. त्यांच्या यंत्रावर 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला.

मेंदू आणि रक्त यांच्यातला फरक एवढाच, पंचवीस-तीसचा. म्हणून स्क्रीनवर मी फक्त 0 ते 80 एवढीच पट्टी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणते. मग रक्तस्राव असेल तर राखाडी मेंदूत पांढरा डाग उठून दिसतो. कवटी सगळी पांढरीफटक होते, पण तिच्याशी तेव्हा काम नसतं.

गुठळीनं रक्त अडलं असेल तर गोष्ट वेगळी. उपाशी पडलेला भाग हळूहळू पाणी धरतो, त्याचा आकडा दोन-चारानं उतरतो. पहिल्या काही तासांत तो बदल बरेचदा डोळ्याला दिसतच नाही.

पण रुग्णाला मेंदूचा झटका (लकवा) आलाय का, हे डॉक्टरांना विचारायचं नव्हतंच. ते रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. विचारायचं होतं, रक्तस्राव आहे का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि आत रक्त वाहत असताना दिलं तर जिवावर बेततं. गुठळीचा आणि रक्तस्रावाचा, दोन्ही झटके बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून पांढरा डाग नसणं हेच आम्ही शोधत असतो. (आधी साधाच सीटी का, तर रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचतात ते कॉन्ट्रास्टचं औषधही पांढरंच दिसतं, उगाच रक्ताशी गल्लत नको. "अर्धाच काढलात का?" हेही ऐकून झालंय.)

इंजेक्शन दिल्यावर चोवीस तासांनी पुन्हा सीटी होतो. तेव्हा कधी कधी डावीकडे एक काळपट पट्टा दिसतो आणि तेच नातेवाईक विचारतात, "काल नव्हतं, मग आज कुठून आलं?" कालही होतं हो. आकडा उतरला नव्हता.