आमची वाटचाल : रजिस्टरचा शेवटचा रकाना

सोलापुरात नवी पेठेत जिन्याखालच्या आठ बाय दहाच्या गाळ्यात 2001 साली आम्ही बोर्ड लावला. त्यावर एवढंच होतं, 'पासपोर्ट व विसा फॉर्म भरून मिळतील'. 'व्हिसा'चा 'विसा' पेंटरनं केला. दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले म्हणून तो तीन वर्षं तसाच राहिला. यंदा पंचवीस वर्षं झाली. मुलगा म्हणाला, बाबा, वाटचाल लिहा, लोक वाचतात. लिहितो, पण सगळं गोड लिहिणार नाही.

भागीदार म्हणजे टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडल्यावर उरलेला एक गोदरेजचा टाइपरायटर आणि त्याचा मालक. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही. अमेरिकेचा फॉर्म तेव्हा डीएस-156. एक अक्षर चुकलं की सर अख्खा फॉर्म फाडून नवा लावायचे, पांढरी शाई लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, खाडाखोड दिसली की समोरच्याला शंका येते आणि शंका आली की आपलं काम संपलं. 2010 मध्ये डीएस-160 संगणकावर आला, ते बघायला सर नव्हते. टाइपरायटर अजून माझ्या टेबलाजवळ आहे. त्याच्यावर पंच आणि टॅगचा डबा ठेवतो.

सरांची एक खोड होती. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचे, "परत कधी येणार?" लोक गोंधळायचे. अजून गेलो नाही आणि हा माणूस परत यायचं विचारतो! पण सरांनी धंद्याचं मर्म पहिल्या महिन्यात ओळखलं होतं. अमेरिकेचा 1952 चा कायदा, त्यातलं कलम 214(ब), असं धरून चालतं की समोरचा माणूस कायमचा राहायलाच आलाय. तसं नाही, हे दाखवायचं काम अर्जदाराचं. इंग्लंडचे नियम वेगळ्या शब्दांत तेच विचारतात: खरोखर पाहुणा आहेस का, मुदत संपल्यावर निघशील का, खर्च कुठून करणार. म्हणून आमच्या लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात नाव, देश, फी यांच्यापुढे सरांनी एक जादा रकाना आखला. 'परतीचं कारण'. तो रकाना रिकामा असेल तर सर फॉर्मला हात लावायचे नाहीत. दोन-चार गिऱ्हाइकं त्यापायी चिडून गेली. गेली तर गेली.

पहिलं मोठं काम अण्णांचं. शहराच्या पूर्व भागातले पद्मशाली विणकर, बारा माग, जेकार्डची चादर. 2002 मध्ये लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचं होतं, अण्णा आणि आक्का दोघांना. आक्कांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा, घराण्याचं नाव, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव सगळं एकाच ओळीत कोंबलेलं. पूर्व भागातल्या निम्म्या जुन्या पासपोर्टांची तीच गत. अमेरिकन लोक अशा वेळी आहे ते सगळं आडनावात घालतात आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. व्हिसा हातात आल्यावर आक्का म्हणाल्या, "हे एफएनयू काय? मला डिग्री दिली का काय?"

पण ते नंतरचं. वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, बांद्रा-कुर्ला संकुलात गेली ती 2011 च्या नोव्हेंबरात. मी सोबत गेलो होतो, बाहेर फुटपाथवर उभा. आत काय झालं ते अण्णांनी नंतर पन्नास वेळा सांगितलंय. खिडकीतल्या गोऱ्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, सहा महिने राहणार का? अण्णा तोंड उघडायच्या आत आक्का बोलल्या, "सहा महिने? मग गड्ड्याला कोण? अक्षतेला यायलाच पाहिजे." दुभाषी मुंबईचा. त्याला गड्डा म्हणजे काय ते कळेना. आक्कांनी त्याला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा असं सगळं उभ्या-उभ्या समजावलं. मागे रांग खोळंबलेली. बाई हसल्या आणि पासपोर्ट ठेवून घेतले. आता गड्ड्यामुळे मिळाला की बारा मागांमुळे की जावयाच्या पगारामुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे जाऊ नका. मी मात्र परत आल्यावर रजिस्टरात आक्कांच्या नावापुढे लिहिलं, 'गड्डा'.

2003 ते 2015 धंदा चालला. गाळा मोठा झाला, एसी बसला, माणसं चार झाली.

त्या चारांतला एक पोरगा 2011 मध्ये घेतला होता. हुशार. फोटोचं काम तर असं करायचा की बघत राहावं. आमच्या धंद्यात फोटो म्हणजे अर्धी डोकेदुखी. अमेरिकेला दोन बाय दोन इंच, युरोपला 35 बाय 45 मिलिमीटर, आणि आपले फोटोवाले हौसेनं चेहरा इतका गोरा करतात की पासपोर्टवरचा आणि हा माणूस सख्खे भाऊही वाटत नाहीत. हा पोरगा सावली काढायचा, पार्श्वभूमी पांढरी करायचा, पट्टी लावून हनुवटी ते टाळू मोजायचा. मी त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला, ही माझी चूक. पुढचं वाचताना ती लक्षात ठेवा.

2016 च्या सुरुवातीला विजापूर रोडचे एक मास्तर आणि बाई आले. दोघंही जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त. मुलगी इंग्लंडात, पहिलंच बाळंतपण. फाईल म्हणाल तर आरशासारखी: दोन पेन्शनी दर महिन्याला खात्यात, स्वतःचं घर, मुलगा-सून-नातवंडं सोलापुरातच, बँकेत पावणेतीन लाख, राहणं-खाणं मुलीकडे. परतीचं कारण मी स्वतः लिहिलं, 'नातीची मुंज नाही, पण नातवाची आहे, मे महिन्यात.' मास्तर हसले होते. फाईल जायच्या आठवड्यात मी आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो. परत आलो, अनुक्रमणिकेवर सही केली, फाईल पुण्याच्या केंद्रात गेली. आतले कागद मी पुन्हा उलटले नाहीत.

तीन आठवड्यांनी दोघं पत्र घेऊन आले. नकार. आणि नुसता नकार नाही. फाईलमध्ये खोटा कागद दिला, बँकेकडे चौकशी केली, या क्रमांकाची ठेव पावती अस्तित्वात नाही, सबब दहा वर्षं अर्ज आला तरी नाकारला जाईल. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "ही सहा लाखांची पावती कुणाची?" मी आमची प्रत काढली. दिव्याखाली धरली. शिक्का बरोबर, सही बरोबर, कागदसुद्धा बरोबर. पण रकमेत स्वल्पविराम चुकीच्या जागी, 600,000. आपल्याकडे बँका सहसा 6,00,000 असं छापतात. फोटोत कला दाखवणाऱ्यानं पावतीतही दाखवली होती. विचारल्यावर म्हणाला, "सर, बॅलन्स कमी वाटला, म्हणून जरा मजबूत केली." गरज काय होती? मुलगी खर्च करत होती! पेन्शनच्या नोंदी रांगेनं उभ्या होत्या! बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, जाताना खुर्ची जागेवर सरकवून गेल्या.

कुटुंबाला भेटायला जाणाऱ्यांना इंग्लंडात पूर्वी अपील होतं, ते 2013 च्या जूनमध्ये काढून टाकलेलं. मी फी परत केली, व्हिसाचे पैसेही भरून दिले, वकिलाची दोन पत्रं स्वतःच्या खर्चानं पाठवली. काही झालं नाही. नातू त्यांच्याशिवाय जन्मला.

पोरगा आठवड्यात गेला. तीन महिन्यांत आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे बोर्ड लागला, '100 टक्के व्हिसा, नाहीतर पैसे परत'. व्हिसा देणारा अधिकारी तिकडे आणि खात्री देणारा इकडे, हे कुणाला खटकत कसं नाही? त्यानं जाताना आमच्या रजिस्टराच्या झेरॉक्स नेल्या होत्या, नावं आणि फोन. ज्यांना त्याचे फोन गेले त्यांनीच मला सांगितलं. त्याच्याच कागदामुळे झालेली मास्तरांची गोष्ट तो 'त्या ऑफिसात दहा वर्षांची बंदी बसते' अशी सांगत होता. आणि मला तोंड उघडता येत नव्हतं, कारण अनुक्रमणिकेवर सही माझीच.

महिन्याला तीस-चाळीस फायली होत त्या दोनवर आल्या. गणपतीत एकही नाही. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. ती काही बोलली नाही, पण त्या दिवाळीत तिनं फोटोत हात पदराखाली घेतलेत, ते मला दिसतं.

आम्हाला सावरलं नोटबंदीनं. हे लिहायला बरं वाटत नाही, लोकांचे हाल मी पाहिलेत. पण 8 नोव्हेंबर 2016 नंतर जो तो घरातली रोकड बँकेत भरून मोकळा झाला आणि प्रत्येकाच्या स्टेटमेंटमध्ये एक मोठी रोख नोंद उभी राहिली. व्हिसावाल्यांना सगळ्यात आधी तीच खुपते. पैसा किती, यापेक्षा तो आला कुठून. समोरचा तर याच धंद्यावर जगत होता: व्याजानं पैसे आणून खात्यात ठेवायचे, 28 दिवस झाले की काढायचे. पैसे 28 दिवस खात्यात दाखवायचा इंग्लंडचा नियम विद्यार्थ्यांचा! पाहुण्यांना तो लागूच नाही, पण त्याला कोण सांगणार. त्याच्या फायली परत यायला लागल्या.

जानेवारीत अण्णा आले, गड्डा संपल्या-संपल्या. आल्या-आल्या म्हणाले, "काय करूलालास बे? माश्या मारूलालास?" मेमध्ये त्यांना युरोपच्या टूरला जायचं होतं. मी म्हणालो, अण्णा, माझं नाव बाजारात खराब झालंय, दुसरीकडे करा. ते खुर्चीत बसले आणि सरांच्या टाइपरायटरवर हात ठेवून म्हणाले, "तुझा रकाना काढ."

त्यांच्या खात्यात नोव्हेंबरात एकदम रोकड भरलेली. मागवाल्यांचा आठवड्याचा पगार रोखीत जायचा, ती गल्ल्यातली शिल्लक. मी सहा महिन्यांचं रोजकीर्द पुस्तक आणलं, पगारपत्रक आणलं आणि एका पानात लिहिलं: ही रक्कम कशी साठली, सरकारनं कोणत्या तारखेला काय जाहीर केलं, पान अमुक, ओळ अमुक. 30 हजार युरोंचा विमा, जाण्या-येण्याचं आरक्षण, अमेरिकेचे आधीचे शिक्के, दर वेळी मुदतीआधी परत. सगळी फाईल 46 पानांची. व्हिसा मिळाला. अण्णांनी पूर्व भागात काय सांगितलं मला माहीत नाही, पण जूनपर्यंत साखर पेठेतून लोक यायला लागले. पाटल्या सोडवायला मात्र 2019 उजाडलं. मग करोना. मार्च 2020 ते मार्च 2022 नियमित आंतरराष्ट्रीय विमानंच बंद होती. आम्ही झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मवर तग धरला, त्याचं कौतुक सांगत बसत नाही.

आता विषय निघालाच आहे तर दोन शब्द, कुणी विचारलेले नसले तरी. परदेशातल्या लेकरांनो, निमंत्रणपत्रात प्रेम उतू जाऊ देऊ नका. एका मुलानं लिहिलं होतं, 'आईबाबांनी आयुष्यभर कष्ट केले, आता त्यांना आमच्याजवळच ठेवायचं मनात आहे.' वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पत्र परत पाठवलं. किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार, बास. ऊसवाल्यांनी कारखान्याचं बिल खात्यात आलं की वजनपावती सोबत जपावी, सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं आणि त्यात 'गुंठा' तसाच सोडू नये. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तिकडच्या साहेबाला ठाऊक नसतं. जुना नकार लपवू नका. त्यांच्याकडे तो आहेच, अगदी ठशांसकट. इंग्लंडचा अधिकारी बहुतेक वेळा तुम्हाला बघतही नाही, फक्त कागद बघतो. अमेरिकेचा कागद क्वचितच मागतो, तुमच्याशी दोन-तीन मिनिटं बोलतो. म्हणून एकाची तयारी दुसऱ्याला चालत नाही. आणि अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहायला मिळतं असं नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावर ठरतं.

समोरचा बोर्ड अजून आहे. '100 टक्के' पुसून आता 'अनुभवी मार्गदर्शन' केलंय. गेल्या वर्षी पावसात आमच्या पायऱ्यांवर उभा होता, मी आत बोलावलं नाही.

मास्तरांची दहा वर्षं या मार्चमध्ये संपली. तारीख मी दर वर्षी नव्या डायरीत उतरवत आलो होतो. फोन केला, बाईंनी उचलला. म्हणालो, बाई, आता अर्ज करता येतो, एक पैसा घेणार नाही, प्रत्येक कागद मी स्वतः बघेन. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मास्तरांचे गुडघे आता विमानात बसायच्या लायकीचे राहिले नाहीत हो. नातू दहाचा झाला, शाळेला सुट्टी लागली की तोच येतो." मी काय बोलावं ते सुचेना. त्याच म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला लेकाकडे जायचंय. तिचं बघा."

बहीण परवा येऊन गेल्या. रकान्यात लिहिलंय, 'शेळ्या चार, सुनेवर विश्वास नाही.' फोटो मात्र पुन्हा काढायला पाठवलाय, फोटोवाल्यानं कपाळावरची टिकली पुसून टाकली होती.