नंबराइतकीच काच महत्त्वाची : नाशिकमधील आमच्या चष्म्याच्या दुकानाची वाटचाल

मेन रोडला लागून असलेल्या एका बोळात वडिलांनी चष्म्याचे दुकान सुरू केले, तेव्हा दुकानातली सर्वांत जपून ठेवलेली वस्तू म्हणजे काच कापायची एक हिरकणी होती. गोल भिंगावर फ्रेमचा साचा धरून ते हिरकणीने रेघ ओढत, कडेची जादा काच पकडीने थोडीथोडी तोडत आणि मग पाणी टपकणाऱ्या दगडी चाकावर भिंग फिरवत फिरवत त्याला खाचेत बसेल अशी कड काढत. शेवटच्या फेरीत काच तडकली, तर सगळी मेहनत वाया जाई आणि भिंगाचे पैसेही पदरचे जात. शाळा सुटल्यावर मी त्या चाकावर पाणी सोडायला बसत असे; माझे या व्यवसायातले शिक्षण तिथूनच सुरू झाले.

त्या काळी भिंग म्हणजे क्राउन काच. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो हे सांगणारा अंक, १.५२३ आणि घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५४ ग्रॅम असते. चरा सहसा पडत नाही, दिसायला अत्यंत स्वच्छ. पण वजन असे की जाड नंबराच्या माणसाच्या नाकावर संध्याकाळपर्यंत दोन लाल खुणा उमटत. गिऱ्हाईक नाक चोळत दुकानात आले की वडील फ्रेम गरम वाळूत धरून नाकावरचा आणि कानामागचा बाक सुधारून देत. पण भार फ्रेमचा नसून काचेचा आहे, हे त्यांनाही ठाऊक होते.

सीआर-३९ या प्लास्टिकने तो भार जवळजवळ निम्मा केला. अमेरिकेत १९४० च्या दशकात तयार झालेल्या या रेझिनची घनता १.३२ आहे आणि अपवर्तनांक १.४९८, म्हणजे काचेच्या खूप जवळचा. नाशिकच्या बाजारात ते रुळायला मात्र बराच काळ गेला, कारण उपरण्याच्या किंवा पदराच्या टोकाने चष्मा कोरडाच पुसण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि कोरड्या धुळीने प्लास्टिकवर चरे पडतात. आजही चष्मा हातात देताना आम्ही प्रत्येकाला सांगतो की आधी नळाखाली धुवा आणि मगच मऊ कापडाने टिपा. भिंग प्लास्टिकचे झाले तरी लोक त्याला ‘काच’च म्हणतात, आम्हीही म्हणतो.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले कामगार दुकानात येऊ लागले, तेव्हा पॉलीकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची गरज आम्हाला खऱ्या अर्थाने कळली. लेथवर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी आपला चष्मा पुढे ठेवला होता. त्याच्या डाव्या काचेच्या मध्यभागी लोखंडाच्या किसाने पडलेला खड्डा होता आणि त्यातून तिन्ही बाजूंना भेगा गेल्या होत्या. डोळा वाचला, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पॉलीकार्बोनेट आघात सोसते, घनता फक्त १.२० असल्याने हलके असते आणि अपवर्तनांक १.५८६ असल्याने पातळही होते. त्याचा पृष्ठभाग मऊ असतो, म्हणून त्याला कठीण लेप लावावाच लागतो. आणखी एक गोष्ट आम्ही कारखान्यातल्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो : भिंग पॉलीकार्बोनेटचे असले, तरी साधा चष्मा हा सुरक्षा-चष्म्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याच्या बाजू उघड्या असतात.

या पदार्थाच्या गुणांनी आम्ही इतके भारावलो की काही काळ तो सर्वांनाच देऊ लागलो, आणि तिथे आमच्या हातून चूक झाली. गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका शिक्षिका, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ८, नवा चष्मा घेऊन आठवड्याने परत आल्या. फळ्याच्या कडेला खडूने लिहिलेल्या अक्षरांना एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळसर किनार दिसते, आणि दुपारनंतर डोळे ओढल्यासारखे होतात, असे त्या म्हणाल्या. भिंगाचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर नंबर अचूक होता. मग मी भिंगांच्या केंद्रांवर शाईचे ठिपके काढले आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवून पाहिले, तेव्हा ठिपके बाहुल्यांसमोर नव्हतेच. त्यांच्या बाहुल्यांमधले अंतर ६२ मिलिमीटर होते आणि आम्ही केंद्रे फ्रेमच्या मध्यानुसार ६८ वर बसवली होती.

भिंगाच्या केंद्रापासून दूरच्या भागातून पाहिले की भिंग लोलकासारखे वागते. केंद्रापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबराने गुणले की लोलकाची शक्ती मिळते. प्रेंटिसचा नियम तो हाच. त्या बाईंच्या प्रत्येक डोळ्यापुढे ०.३ गुणिले ८, म्हणजे २.४ प्रिझम डायॉप्टर (लोलकाच्या शक्तीचे एकक) आणि दोन्ही मिळून ४.८ एवढा लोलक आम्ही नकळत बसवला होता. त्यांचे डोळे दिवसभर तोच सावरत होते.

रंगीत किनारीचे कारण पदार्थात होते. पांढऱ्या प्रकाशातले रंग एखादा पदार्थ किती फाकवतो, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आबे अंकावरून कळते आणि हा अंक जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात. सीआर-३९ चा आबे अंक ५८ आहे, पॉलीकार्बोनेटचा केवळ ३०. उणे ८ च्या भिंगात केंद्रापासून १५ मिलिमीटरवरून पाहिले तर लोलक १२ होतो. त्याला आबे अंकाने भागले की सीआरमध्ये रंगदोष सुमारे ०.२ येतो आणि पॉलीकार्बोनेटमध्ये ०.४, म्हणजे सरळ दुप्पट. नंबर उणे २ असता, तर हा फरक त्यांच्या लक्षातही आला नसता. आम्ही दोन्ही भिंगे स्वखर्चाने बदलली, १.६० अपवर्तनांकाचे आणि ४१ च्या आसपास आबे अंक असलेले भिंग घेतले आणि प्रत्येक डोळ्याचे अंतर नाकाच्या मध्यापासून वेगळे मोजले. उजवे ३०.५ निघाले आणि डावे ३१.५. तेव्हापासून आमच्याकडे एकत्रित अंतर लिहून घेण्याची पद्धत बंद झाली.

‘सर्वांत बारीक काच द्या,’ ही मागणी आज आम्ही सर्वाधिक ऐकतो आणि तिला सर्वाधिक वेळ देतो. अपवर्तनांक वाढला की कमी वक्रतेतही तेवढाच नंबर मिळतो, म्हणून भिंग पातळ होते, हे खरे आहे. परंतु ही जाडी फ्रेमच्या आकारावर किती अवलंबून असते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. उणे ६ नंबरासाठी ५० मिलिमीटर व्यासाचे सीआर भिंग घेतले, तर मध्यापेक्षा कड सुमारे ३.७५ मिलिमीटर जास्त जाड होते; त्याच व्यासात १.६७ अपवर्तनांकाचे भिंग घेतले, तर हा फरक २.८ वर येतो. आता भिंग सीआरचेच ठेवून व्यास ४४ केला, तर फरक २.९ होतो. म्हणजे महागड्या भिंगाने कडेवर जे साधते, ते जवळजवळ तितकेच सहा मिलिमीटर लहान फ्रेम साधून देते, आणि तेही आबे अंक न गमावता. मी हे गणित काउंटरवरच कागदावर मांडून दाखवतो. यातून आमची विक्री कधी कधी कमी होते, हे मान्य आहे. पण चेहऱ्याला रुंद फ्रेम निवडून मग जाडीची तक्रार करणाऱ्या तरुण मुलामुलींना हे आधी समजणे मला आवश्यक वाटते.

जास्त अपवर्तनांकाच्या भिंगावर परावर्तनरोधी लेप हवाच, हेही त्याच कागदावर येते. सीआरच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, तर १.६७ च्या पृष्ठभागावरून ६ टक्क्यांहून अधिक. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा विसरू नका, एवढे मात्र बजावतो. उष्णतेने प्लास्टिक लेपापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार काका चाळिशीचा बायफोकल, म्हणजे वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेला चष्मा, घेऊन आले, ते आमच्या कामाच्या पद्धतीत शेवटची मोठी भर घालून गेले. त्यांची तक्रार मानेची होती. ‘वाचायला उत्तम आहे, पण घडांची विरळणी करताना मान मोडते,’ असे ते म्हणाले. मी त्यांना दुकानातच उभे केले आणि हातात कात्री देऊन घड कुठे असतो ते दाखवायला सांगितले. त्यांनी हात कपाळाच्याही वर नेला आणि खालच्या वाचनाच्या खिडकीतून वर पाहता यावे म्हणून डोके पार मागे टाकले. बायफोकलची ती खिडकी पुस्तकासाठी खाली असते. मांडवाला लटकणारा घड वर असतो. फीत लावून डोळ्यापासून हातापर्यंतचे अंतर मोजले, तर ते ५० सेंटिमीटर भरले. वाचनाच्या ४० सेंटिमीटरला २.५ डायॉप्टर, म्हणजे २.५ चा नंबर, लागतात, ५० ला २. नंबर ठरवणे हे आमचे काम नव्हे, म्हणून ते अंतर चिठ्ठीवर लिहून त्यांना त्यांच्या नेत्रतज्ज्ञांकडे परत पाठवले आणि त्यांनी दिलेल्या नंबराची, संपूर्ण भिंगात एकच नंबर असलेली वेगळी जोडी बागेसाठी बनवून दिली. काड्या आणि तारा डोळ्यांजवळ येतात, म्हणून पदार्थ पॉलीकार्बोनेट घेतला; एवढ्या कमी नंबराला त्याचा आबे अंक आड येत नाही.

काकांनी त्या हंगामात आपल्या बागेत विरळणीला येणाऱ्या तीन बायकांना आमच्याकडे आणले. त्यांतल्या दोघींनी आयुष्यात कधी डोळे तपासले नव्हते. आम्ही त्यांना आधी तपासणीला पाठवले आणि मग प्रत्येकीला हात वर करून उभे राहायला सांगून फीत लावली : एकीचे अंतर ४५ भरले, दुसरीचे ५२, तिसरीचे ४८. आमच्या ऑर्डरच्या पाकिटावर आता नंबर, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी अंतरे आणि पदार्थ यांच्यानंतर ‘काम व कामाचे अंतर’ असा रकाना छापलेला असतो, आणि तो रिकामा असेल, तर पाकीट मशीनकडे जात नाही.